पेजेतलं मीठ

"सिस्टर, तुम्हारी कांडी बिगड़ गई है."

हे मला एका नाकेदारानं ऐन डिसेंबरात ऐकवलं होतं. नाकेदार म्हणजे आमच्याकडे जंगलखात्याचा बीटवरचा गार्ड. त्या पहाटे गवतावर दव गोठलं होतं आणि हा माणूस दोन कांबळी पांघरून दात वाजवत दवाखान्यात आला. मी थर्मामीटर लावला. साडेअठ्ठ्याण्णव. त्यानं ती काचेची कांडी उजेडाकडे धरून उलटीसुलटी पाहिली. इतक्या थंडीत अठ्ठ्याण्णव कसे, म्हणाला. मी सर्दीच्या गोळ्या देऊन त्याला वाटेला लावलं.

मे महिन्यात तोच माणूस पायात काटा मोडला म्हणून आला आणि हटून बसला, "पहले कांडी लगाओ." लावली. पुन्हा साडेअठ्ठ्याण्णव. आता तो खटला जिंकल्यासारखा हसला. "देखा? बाहर आग बरस रही है और ये वहीं अटकी पड़ी है. सरकार को लिखो, नई भेजे."

मी कपाटातून कोरी कांडी काढून त्याच्या तोंडात ठेवली. तोच आकडा. त्यावर त्याचं उत्तर होतं, "दोनों एक ही कंपनी की होंगी."

नोकरीतून निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या घरी सकाळी चहा पिताना मला मोठ्या डॉक्टरांची भाषणं आठवत नाहीत, हा नाकेदार आठवतो. कारण नर्सच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नवल त्यानं बरोब्बर हेरलं होतं. फक्त त्याचा दोष त्यानं कांडीवर टाकला.

कॉलेजात आमचे सर याला हिंदीत 'समस्थापन' म्हणायचे. बाहेर काहीही होवो, शरीर आतलं हवामान फारसं बदलू देत नाही. ऊन वाढलं की घाम काढतं, गारठा वाढला की अंग कापवून ऊब तयार करतं. पाणी कमी पडलं की तहान लावतं आणि लघवी आखडतं. जेवणानंतर रक्तातली जास्तीची साखर उचलून ठेवतं, उपाशी राहिलात तर ठेवलेली काढून देतं. मीठ, पाणी, ऊब, साखर, सगळं ठरल्या मापात. मी ते पान पाठ केलं, पेपरात उतरवलं, मार्क घेतले. आमच्या घरात, खरं तर आमच्या आख्ख्या गल्लीत, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तोरा तर असणारच.

त्याच तोऱ्यात हे बाबांना सांगायला गेले. बाबा धानाच्या मिलमध्ये बॉयलरवर होते. उसना तांदूळ करायला धान उकडतात, त्याची वाफ त्यांच्या हातून जायची. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग यात नवीन काय हाये वं? आमच्या बॉयलरले काचेची नळी असते. पानी खालच्या खुनेच्या खाली गेलं तरी भेव, वरच्या खुनेच्या वर गेलं तरी भेव. दिवसभर आमी दुसरं काय करून राह्यलो?"

मला रागच आला. कुठे माणसाचं शरीर आणि कुठे मिलचा बॉयलर! नवशिक्या माणसाला असा राग फार लवकर येतो.

बी.एस्सी.नंतर नर्सिंग केलं आणि पोस्टिंग मिळालं ते बिरसा गावाच्या पुढे, सालवृक्षांच्या जंगलात. दोन खोल्या, एक पडवी, सहा खाटा. बालाघाटहून सकाळची बस धरायची, घाट चढून बैहरला उतरायचं, चहा घ्यायचा आणि मग जीप. जीपमध्ये माणसं, कोंबड्या, तेलाची पिंपं, सगळे एकाच तिकिटात. मार्च महिन्यात मोहाची फुलं पडायची तेव्हा आख्खा दवाखाना गोडूस वासानं भरून जायचा, स्पिरिटचा वाससुद्धा त्याच्यापुढे हरायचा. सुया उकळायच्या, काचेच्या पिचकाऱ्या पुसून ठेवायच्या. वारा मलाजखंडकडचा असला की तिथल्या तांब्याच्या खाणीतल्या सुरुंगाचा दबका आवाज यायचा, खिडकीची काच थरथरायची आणि आमची शेवंतामावशी घड्याळाकडे न बघता म्हणायची, "चला, चहा मांडा."

शेवंतामावशी आमच्या दवाखान्याची आया. ती माझ्यासारखीच बालाघाटची. अक्षर एक येत नव्हतं, पण पेशंट दारातून आत येताना त्याची चाल बघून तो पडेल की बसेल हे सांगायची.

लोकांना वाटतं नर्सचं काम म्हणजे सुया टोचणं. सुई टोचायला आठ दिवसांत शिकता येतं. खरं काम असतं बघत बसण्याचं. शरीर आपलं आपण सावरायला धडपडत असतं; ते कुठल्या बाजूला कलतंय, हे ओळखायचं आणि त्याच बाजूनं हात द्यायचा. उलट्या बाजूनं दिलात तर तुमचाच धक्का लागून ते पडतं. हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं नाही, मला ते मानकोनं शिकवलं. तिचीच गोष्ट सांगते.

आमच्याकडचे गोंड लोक पेज पितात. कोदो हे भरड धान्य नाहीतर तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यात शिजवायच्या, मीठ घालायचं, पातळ ठेवायचं. रात्रीची पेज सकाळी जराशी आंबते. ती सुकवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून जंगलात न्यायची. तुंबा झाडाला टांगला की दुपारपर्यंत गार. हेच त्यांचं पाणी आणि हेच जेवण.

मला तिथे सहावं वर्ष लागलं होतं तेव्हाची गोष्ट. त्या पावसाळ्यात गावात हगवणीची साथ आली होती. नाल्याचं पाणी विहिरीत उतरलं होतं, हे आज मला स्पष्ट दिसतं. तेव्हा माझी नजर त्या तुंब्यावर पडली. शिळी, आंबट, वर माश्या. माझं विज्ञान मला म्हणालं, चोर सापडला. त्याच सुमारास ब्लडप्रेशरचं एक ट्रेनिंग करून आले होते. ज्यांना प्रेशर आहे त्यांनी मीठ कमी करावं, असं तिथे शिकवलं. मी गावात येऊन सगळ्यांनाच सांगितलं. शिळी पेज सोडा, उकळलेलं पाणी प्या, तहान नसली तरी प्या, मीठ कमी करा. पडवीत बायका बसवून मी हे इतक्यांदा सांगितलं की मावशीला पाठ झालं होतं. चेष्टेनं ती माझी नक्कल करायची, कमरेवर हात ठेवून.

सुकवारो नावाची एक म्हातारी होती, तिनं एकदा विचारलं, "पेज में का खराबी है, सिस्टर?"

"कीटाणु," मी म्हणाले.

"हमको तो पचास साल में नहीं दिखे."

"तुमको दिखेंगे भी नहीं. मशीन से दिखते हैं."

ती पदर सावरून उठली. मला वाटलं, पटलं.

सुकवारोची सून मानको मात्र माझी खरी शिष्या. आठवी शिकलेली, चलाख, वीस-बावीसची. गावात बाकी कुणी ऐको न ऐको, मानको ऐकायची. तिनं घरातला तुंबा खुंटीला लटकवला, पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा आणला, पाणी उकळून त्यात भरायला लागली. भाजीत मीठ चिमटीभर. सासू कुरकुरली तर म्हणायची, "सिस्टर ने बोला है." तिच्या तोंडून हे ऐकलं की माझी छाती फुगायची.

मग मे महिना आला, तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम. उजाडायच्या आत बायका जंगलात शिरतात आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत पानं तोडतात. दुपारी घरी बसून गड्ड्या बांधायच्या, संध्याकाळी त्या फडावर विकायला न्यायच्या. वर्षातले हेच थोडे दिवस, म्हणून कुणी घरी थांबत नाही.

एका दुपारी दोघा जणांनी खाट उचलून आणली. खाटेवर मानको. मागून सुकवारो, अनवाणी. आमचे डॉक्टरसाहेब मीटिंगला बैहरला गेलेले. दवाखान्यात मी आणि मावशी.

"ऊन लागलं, दुसरं काय," मावशी म्हणाली. "पानी पाजा तिले."

मलाही तेच वाटलं. मे महिना, तेंदूपत्ता, बेशुद्धीत बडबडणारी बाई. याला आमच्याकडे लू म्हणतात, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना तीच असते. मावशीनं ओलं फडकं कपाळावर टाकलं. मी ग्लुकोजची बाटली अडकवली, शीर शोधली, सुई घातली. मावशी पाण्याचा लोटा भरून आली.

मानको भलतंच काहीतरी बोलत होती. मला तिनं आई म्हणून हाक मारली. पिंढऱ्यांत गोळे येऊन पाय लाकडासारखे कडक झाले होते. तेवढ्यात ती ओकली. ओकली ते स्वच्छ पाणी, नुसतं पाणी, थोडंथोडकं नाही.

मी कांडी लावली. नव्व्याण्णव.

लू लागलेल्या माणसाचं अंग तव्यासारखं तापतं, एकशेचार, एकशेपाच. हिचं अंग ओलं, थंडसर. मी हात धरला तर बांगड्या मनगटात रुतलेल्या. बोटं सुजलेली. पाण्यावाचून वाळलेल्या माणसाची बोटं सुजत नाहीत. पेपरातलं ते पान डोळ्यांपुढे आलं, पण या वेळी अक्षरं वेगळीच दिसायला लागली.

"आज इसने पानी कितना पिया?" मी सुकवारोला विचारलं.

"पूरा डिब्बा. फिर नाले पर बच्चों से और मँगवाया. उल्टी हो रही थी तब भी पी रही थी. बोली, सिस्टर ने बोला है, प्यास न लगे तब भी पीना."

"और खाया क्या?"

"कुछ नहीं. तीन दिन से रोज ऐसइच."

"नमक?"

सुकवारोनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादं मूल स्वतःच हरवलेली वस्तू आपल्याकडे मागतं तेव्हा बघतो, तसं. "नमक तो तुमने ही बंद करवाया ना, बाई."

मी काय केलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. तीन दिवस ती मीठ घालवत होती आणि जागा भरत होती निव्वळ पाण्यानं. रक्तातलं मीठ इतकं पातळ झालं की पाणी रक्तात राहिना. पेशींत शिरलं, मेंदूतही शिरलं, आणि मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते. आणि आता मी वरून काय देत होते? लोक टांगलेल्या प्रत्येक बाटलीला सलाइन म्हणतात. ग्लुकोजच्या बाटलीत मीठ नसतं. तिच्यातली साखर शरीर खाऊन टाकतं आणि मागे उरतं ते पुन्हा पाणीच.

मी नळी बंद केली.

"काहून बंद केली वं?" मावशी ओरडली. "पोरगी जाते ना!"

"मावशी, लोटा ठेवा खाली. एक थेंब पाजू नका तिले. कपाटातून मिठाच्या बाटल्या काढा, निळ्या लेबलच्या."

"दोनच हायेत."

"दोन तर दोन."

बाटली बदलत असतानाच मानकोला झटका आला. डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. आम्ही तिला कुशीवर वळवलं. मी घड्याळ बघत नव्हते, त्यामुळे किती वेळ गेला सांगता येणार नाही. सुकवारो तिच्या पायाशी बसून एकच शब्द म्हणत होती, "बेटी, बेटी." सून म्हणाली नाही एकदाही.

झटका ओसरला. मिठाची बाटली सुरू झाली. पानं न्यायला आलेल्या ठेकेदाराची जीप गावात उभी होती, ती मावशीनं अक्षरशः ड्रायव्हरची कॉलर धरून आणली. "पानं मंग ने! मानूस मरून राह्यला इथं!" मागच्या भागातल्या पानांच्या पोत्यांवर आम्ही मानकोला निजवलं. बैहरपर्यंत मी बाटली हातात उंच धरून गुडघ्यांवर बसले होते. रस्ता तेव्हा कसा होता ते तिकडच्यांना सांगायला नको.

निम्म्या वाटेत ती म्हणाली, "पेशाब."

इतर नर्सांना त्यांच्या हातून झालेलं पहिलं बाळंतपण आठवतं. मला त्या जीपमधलं हे लघवीचं भांडं आठवतं. एकदा, दोनदा, तीनदा, भरभरून. शरीराला वाट सापडली होती. जास्तीचं पाणी कसं फेकायचं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, त्याला फक्त थोडं मीठ हवं होतं. बैहरच्या दवाखान्यात उतरवलं तेव्हा मानकोनं मला ओळखलं. म्हणाली, "सिस्टर, मैंने उबाल के ही पिया था."

मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. तरुण होते, स्वभावानं चांगले. "लू लिख दो, सिस्टर. सीज़न है. कोई नहीं पूछेगा."

खरंच कुणी विचारलं नसतं. पण पानतोडीचे अजून आठ-दहा दिवस बाकी होते. मानकोला लू लागली, ही बातमी गावात आधीच फिरली होती आणि त्या सकाळी बायका घाबरून आणखी मोठे डबे घेऊन जंगलात गेल्या होत्या. माझ्याच सांगण्यावरून. मी 'लू' लिहिलं असतं तर ते मला तोंडानंही म्हणावं लागलं असतं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, घामातून मीठ गेलं, वरून नुसतं पाणी फार दिलं गेलं, सल्ला चुकीचा. डॉक्टरसाहेबांनी वाचलं. "सल्ला किसका, ये तो लिखा नहीं," म्हणाले. मी माझं नाव लिहिलं.

ते तसं सोपं होतं. कागदाला डोळे नसतात.

संध्याकाळी फडावर गेले. फड म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथे पानांच्या गड्ड्या उन्हात वाळायला मांडतात. चाळीसेक बायका गड्ड्या पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मानको अजून बैहरलाच होती, पण सुकवारो सकाळी परतली होती आणि एका कडेला बसली होती. वाटेनं येताना मी चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातली दोनच निघाली.

"मानको को लू नहीं लगी थी. उसने वही किया जो मैंने बोला था, और मैंने गलत बोला था."

मग मागून एकीचा आवाज आला, "तो अब का बोलोगी, सिस्टर? पानी भी मत पियो?"

हशा पिकला. मी म्हणाले, तहान लागेल तेव्हा पाणी प्या, आणि तुंबे खुंटीवरून काढा, पेज घेऊन जात जा, मीठ घालून. पेज ताजी करा आणि विहिरीचं पाणी उकळून करा, एवढं माझं ऐका. बाकी तुमचंच बरोबर होतं.

सुकवारो उठली. तिच्या शेजारी खुंटीवरून उतरवलेला तिचा तुंबा होता. बसल्याजागी पडलेली दोन पानं उचलून तिनं काडीनं टाचून दोना, म्हणजे द्रोण केला, त्यात पेज ओतली आणि माझ्यापुढे धरली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या सहा वर्षांत मी त्या गावात कुणाच्याही घरचं काही तोंडाला लावलं नव्हतं. पाणीसुद्धा नाही. कारण माझं तयार होतं, कीटाणु. माझ्या आजीला लोक वरून ओंजळीत पाणी घालायचे, भांड्याला तिचा हात लागू नये म्हणून. हे ऐकत मी वाढले, त्याच चिडीनं शिकले. आणि शिकून त्या गावात जाऊन सहा वर्षं पुढे केलेलं प्रत्येक भांडं हातानं मागे सारलं. त्यांनी कधी तोंडावर काही म्हटलं नाही. पण तिथे दोना हातात घेताना सगळ्या फडावर जी शांतता पसरली, तिच्यावरून कळलं की त्यांनी मोजून ठेवलं होतं.

मी प्याले. आंबूस, गार, कण्या दाताखाली येणारी.

सुकवारो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "नमक ठीक है?"

खरं तर पहिल्या घोटात चव नीट कळली नव्हती. पण खोटं बोलायचा दिवस तो नव्हता. मी आणखी एक घोट घेतला.

"थोड़ा कम है," मी म्हणाले.

म्हातारी वळली आणि दोन्ही हात वर करून फडाच्या पार टोकापर्यंत ओरडली, "सुनो रे! सिस्टर को और नमक चाहिए!"

बायका खदखदून हसल्या. आणि मागच्या रांगेतल्या कुणीतरी पदराची गाठ सोडली, आतली मिठाची पुडी काढली आणि पुढच्या बाईच्या हातात दिली. तिनं तिच्या पुढचीला दिली. अशी ती हातोहात माझ्यापर्यंत आली.